सुती लोकर

आत्याने क्रोशाची सुई खाली ठेवली तेव्हा घरातल्या प्रत्येकाला वाटलं, चला, बिचारीला जरा विश्रांती मिळेल. आठवडाभरात कळून चुकलं की विश्रांती संपली होती ती बाकीच्यांची.

जन्मभर जिने टाके मोजले तिला आता मोजायला माणसंच उरली होती. फ्रिज कोण कितीदा उघडतं, आंघोळीला कोण किती वेळ लावतं, चहात चोरून साखर कोण घालतं, सगळ्याची मोजदाद सुरू झाली. धाकट्या भावाला तिने जेवताना विचारलं, "तू एकाच बाजूने का चावतोस रे?" आणि तेव्हापासून त्याला धड कुठल्याच बाजूने चावता येईना. थोरल्या भावाला तर तिने थेटच विचारलं, "निवृत्त झाल्यापासून तू दिवसभर करतोस काय?" हा प्रश्न घरात आजवर कुणी काढला नव्हता, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालासुद्धा.

थोरली हे सगळं बघत होती. थोरली म्हणजे या थोरल्याची बायको. क्रोशात 'मुका खांब' नावाचा एक टाका असतो: बुटका, घट्ट, दिसायला काही नाही, पण तो नसला तर वरची सगळी नक्षी खाली बसते. या घरातला मुका खांब म्हणजे आमची वहिनी, असं धाकटी जाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. हे कौतुक होतं की टोमणा, याचा निकाल थोरलीने अजून लावला नव्हता.

सुई खाली ठेवली गेली ती एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य बोलला होता थोरलीचा मुलगा, गुंड्या. दुकानातल्या लोकरीच्या गुंड्यांमध्ये रांगत वाढला म्हणून गुंड्या. नाव ऐकून अनोळखी माणसाला धास्ती वाटे, आणि गुंड्याला पाहिलं की ती लगेच जाई. तो बंदराच्या कचेरीत कारकून होता आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली बघितलं तरी त्याला गरगरायचं. अशा मुलाने लग्न ठरवलं ते बंदरावर क्रेन चालवणाऱ्या मुलीशी. ती वरून खाली बघायची, हा खालून वर बघायचा. बाकी ठरवायला काही उरलंच नव्हतं.

लग्न ठरल्या ठरल्या आत्याने विचारलं, "तिला काय विणू? विचारून ये." घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला आत्याच्या हातचा एक कपडा मिळत आलेला होता. गुंड्या विचारून आला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "आत्या, तिला लोकर चालत नाही म्हणे."

घर कशावर चालतं हे ठाऊक असलेल्या कुणालाही या वाक्याचं वजन सांगायला नको. खाली दुकान, वर घर. दुकान अण्णांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, थाटलेलं. बाहेर त्यांनीच रंगवून घेतलेली पाटी: 'सर्व प्रकारची लोकर मिळेल.' त्या लोकरीवर तिन्ही भावंडं शिकली, दोघांची लग्नं झाली, आणि तिसरीने लग्नाऐवजी सुई धरली. त्या घरात येऊन लोकर चालत नाही म्हणणं म्हणजे कोळ्याच्या होडीत बसून पाण्याबद्दल तक्रार करण्यासारखं होतं.

आत्याने "बरं" एवढंच म्हटलं. सुई पिशवीत ठेवली, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. मग हात धुऊन आली आणि म्हणाली, "लग्नाला येईन मी. पाहुण्यासारखी. तिसऱ्या रांगेत बसेन, जेवेन आणि निघेन."

ही तिसरी रांग थोरलीला झोपू देत नव्हती. गुंड्या लहान असताना तिची टेलिफोन खात्यातली पाळीची नोकरी होती. पोराला मांडीवर घेऊन, त्याच्या डोक्यावरून हात लांब करून विणलं ते आत्याने. तो पहिला शब्द बोलला तो 'आई' नव्हता, 'टाका' होता. त्या मुलाच्या लग्नात ती बाई तिसऱ्या रांगेत बसली, तर पहिल्या रांगेत बसायला थोरलीला तोंड उरणार नव्हतं. आणि न आलेल्या सुनेवर घरात येण्याआधीच शिक्का बसणार होता तो वेगळाच.

घरात फळ्याही पडल्या होत्या. दुकान सांभाळणारा धाकटा बहिणीच्या बाजूने. "आज लोकर चालत नाही, उद्या दुकान चालत नाही म्हणेल." धाकटी अर्थातच मुलीच्या बाजूने. "या घरात नाही म्हणायला शेवटी माणूस बाहेरूनच आणावं लागलं," ती थोरलीच्या कानाशी म्हणाली, पण आवाज असा की तो जिन्यापर्यंत जावा.

धाकटीच्या या बाणेदारपणामागे एक झगा होता. तिच्या लग्नात आत्याने तिला जाड सुती धाग्याचा, मोठमोठ्या जाळीचा, पांढरा झगा विणून दिला होता. स्वागतसमारंभाच्या सुरुवातीला तो गुडघ्यापर्यंत होता. पाहुणे यायला लागले तेव्हा पोटऱ्यांपर्यंत आला. निरोपाच्या वेळी धाकटी त्यात पाय अडकून सासऱ्यांच्या अंगावर पडली. झगा स्वतःच्याच वजनाने वाढला, हे हॉलमधल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. आत्याचं म्हणणं मात्र तेव्हापासून एकच: "झगा नाही वाढला. दिवसभर उभं राहून तू खचलीस." वीस वर्षं घराची अधिकृत भूमिका हीच होती.

थोरलीच्या वाट्याला त्याही आधी अस्सल लोकरीचं जाकीट आलं होतं, ऐन उन्हाळ्यात. ते तिने महिनाभर घातलं. मग एक दिवस नवऱ्याने मदत करायची म्हणून ते उकळत्या पाण्यात धुतलं आणि ते आटून किटलीला घालण्याएवढं झालं. आजही ते किटलीवरच असतं. थोरलीने या चुकीबद्दल नवऱ्याला चारचौघांत कधी माफ केलं नाही, आणि मनातल्या मनात त्याचे उपकार कधी विसरली नाही.

तर अशा घरात, लग्न महिन्यावर आलेलं असताना, मुक्या खांबाने एक बेत केला. रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी फळ्या पुसायच्या आहेत असं तिने जाहीर केलं, कारण फळ्या पुसायचं काम आत्या दुसऱ्या कुणावर सोडणार नाही हे तिला माहीत होतं. आणि मुलीला फोन केला.

"तू ये. तुझ्या हाताने बघ, एखादी लोकर पसंत पडली तर सांग."

"काकू, पण मला लोकर खरंच चालत नाही हो."

"ठाऊक आहे गं मला. तू नुसती येऊन बस. बाकीचं मी बघते."

बाकीचं म्हणजे काय, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

*

दुपारी दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि जमिनीपासून छतापर्यंत रंग. दोघी जावा खालच्या फळ्या पुसत होत्या. आत्या काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसून धाकट्याला शिडीच्या घोड्यावर चढवत-उतरवत होती. तिचे मोकळे हात मांडीवर दोन पाहुण्यांसारखे अवघडून बसले होते.

"त्या कोपऱ्यातली नाही, पलीकडची. फडकं झटक. इकडे नको झटकू, माझ्या तोंडावर."

"ताई, मला खाली उतरू दे. तुझी नजर लागून मी पडेन."

तेवढ्यात शटरखालून आधी जाड बूट आले, मग क्रेनवाली वाकून आत आली. पाळी संपवून थेट आली होती. केसांवर टोपीची खूण, हातात नारिंगी जाकीट. तिच्यामागून गुंड्या, सासुरवाडीला आल्यासारखा.

"नमस्कार आत्या," ती म्हणाली.

आत्या स्टुलावरून उतरली. पदर नीट केला. "नमस्कार. या. आपण बसा ना. उन्हातून आलात."

दुकानातली हवा थबकली. आत्या भाजीवाल्याला अरेतुरे करायची, डॉक्टरला अरेतुरे करायची. एका मंत्र्याला तिने "काय रे, किती वाळलास" म्हटल्याची दंतकथा होती. 'आपण' हा शब्द तिने आजवर फक्त वीजमंडळाच्या माणसाला वापरला होता, मीटर कापायला आला होता तेव्हा.

"आत्या, मला अगं म्हणा ना," क्रेनवाली म्हणाली.

"छे छे. आपण पाहुण्या. मीही पाहुणीच आहे आता."

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरलीने फडक्याकडे बघितलं.

धाकटा मात्र जन्मजात दुकानदार. समोर माणूस आलं की त्याचा हात आपोआप फळीकडे जाई. रुसवा असो, सुतक असो, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्याने काउंटर पुसला आणि गुंडे मांडायला सुरुवात केली.

"बघायला काही हरकत नाही ना? ही घ्या. हात लावून बघा. वजनाला हलकी, धुवायला सोपी, रंग जाणार नाही, कसर लागणार नाही."

"कारण कसरीलासुद्धा कळतं ते प्लास्टिक आहे," धाकटी म्हणाली.

"अ‍ॅक्रिलिक म्हणतात त्याला. आणि तू मध्ये बोलू नकोस."

"अहो, त्याचं पोलकं घालून मी एकदा बसने गेले. उतरले तेव्हा वाफवलेली होते. आणि इस्त्री लावली की वितळतं, ते सांगा ना."

"इस्त्री कशाला लावायची? सुरकुती पडतच नाही!" धाकट्याने तो गुंडा बाजूला सारला, पण फार लांब नाही, त्याचा साठा बराच पडून होता. "बरं, ही राहू दे. ही बघा. बांबूची लोकर. रेशमासारखी सुळसुळीत, अंगाला गार. आणि ही आपली खास, सुती लोकर. जाड पण आहे, बारीक पण..."

"काय म्हणालात?" क्रेनवालीने विचारलं.

"बारीक पण आहे."

"नाही, त्याआधी."

"सुती लोकर."

क्रेनवालीने तो गुंडा उचलला, नाकाशी नेला, गालाला लावला. मग अगदी निरागसपणे विचारलं, "काका, या मेंढीला कापूस लागतो का?"

धाकट्याला प्रश्न कळला नाही. थोरलीला मात्र मानेच्या मागे काहीतरी सरसरत गेल्यासारखं वाटलं, तीस वर्षांपूर्वीच्या त्या जाकिटासारखं.

"म्हणजे काय?" धाकटा म्हणाला. "सुताची लोकर. सुती लोकर. अण्णांपासून असंच म्हणतो आम्ही. गुंडा झाला की ती लोकर."

"सुताचा गुंडा म्हणजे लोकर?"

"मग काय म्हणायचं त्याला?"

"सूत!"

"सूत रिळात असतं," आत्या भिंतीकडे बघत म्हणाली. "गुंडा असला की लोकर."

हे तिने इतक्या ठामपणे सांगितलं की क्षणभर क्रेनवालीलाही पटलं. मग तिचे डोळे मोठे झाले. ती गुंड्याकडे वळली. "तू यांना काय सांगितलंस?"

"तू म्हणालीस तेच. तिला लोकर चालत नाही."

"आणि पुढचं?"

गुंड्याने फळीवरचा एक गुंडा काढून पुन्हा जागेवर ठेवला.

"पुढचं काय?" थोरलीने विचारलं. आजच्या दिवसातलं तिचं हे पहिलंच वाक्य होतं.

"मी म्हणाले होते, मला लोकर चालत नाही, अंगाला लागली की खाज सुटते, मानेवर चट्टे येतात. मेंढीची लोकर म्हणत होते मी! सूत तर मी आता अंगावर घातलंय, हे बघा. काकू, फोनवर तुम्हाला पण तेच सांगत होते मी."

"मला वाटलं, तुला विणकामच आवडत नाही."

"मला कुठे कुणी विचारलं!"

सगळे गुंड्याकडे बघत होते. उंचीवरून नाही, जमिनीवरच त्याला गरगरल्यासारखं झालं.

"मी कसं सांगणार?" तो म्हणाला. "नव्या माणसाची खाज, आणि ती जेवणाच्या टेबलावर? तुम्हीच शिकवलंत ना, जेवताना असलं काही बोलू नये?"

"मग जेवण झाल्यावर सांगायचं, गाढवा!" धाकटी म्हणाली. "इथे वन्सं महिनाभर माझा फ्रिज मोजतायत!"

धाकटीला हसू फुटलं, मग धाकट्याला, घोड्याला धरून. क्रेनवाली तर काउंटरवर डोकं टेकून हसत होती. थोरली हसता हसता थांबली, कारण आत्या हसत नव्हती.

थोरलीला ते चेहऱ्यावरून कळलं. रागाचं कारण गेलं होतं, पण राग तिथेच होता, यजमान निघून गेलेल्या घरात अडकलेल्या पाहुण्यासारखा. आणि या वयात, चारचौघांत, विनाकारण रागावल्याचं सिद्ध होणं, हे तर कारण असण्यापेक्षा वाईट.

"झालं ते झालं," आत्या म्हणाली. "आता काय, हसायचं आणि पुन्हा विणायला बसायचं? एवढा राग केला मी. तो काय परत घेता येतो?" तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. अण्णांच्याच अक्षरातली: 'एकदा नेलेला माल परत घेतला जाणार नाही.'

"बदलून तर देतो ना आपण," धाकटा हळूच म्हणाला.

"तू फळी पूस."

क्रेनवालीने हसणं आवरलं. "आत्या, तुमचं बरोबर आहे. आणि एक सांगते, आज नाही सांगितलं तर पुन्हा काहीतरी अर्धं पोचेल. मला लग्नात घालायला नकोच आहे काही."

धाकट्याने 'बघ, मी म्हटलं नव्हतं' अशा नजरेने बायकोकडे बघितलं. धाकटीचा चेहरा पडला. तिने आपल्या बाजूचं म्हणून धरलेलं माणूस विहिरीकडे चाललं होतं.

"लग्नातला कपडा एक दिवस घालायचा," क्रेनवाली पुढे म्हणाली, "आणि मग जन्मभर कपाटातून काढून पाहुण्यांना दाखवायचा. मला कामावर घालता येईल असं करा. वर केबिनमध्ये काचेतून ऊन एका बाजूने भाजतं आणि दुसऱ्या बाजूने गार वाऱ्याचा झोत. सकाळी गारठा, दुपारी घाम. बिनबाह्यांचं काहीतरी हवं, रोज घालता येईल, रोज धुता येईल. या नारिंगी जाकिटाच्या आत. ते फार वाटत असेल तर राहू दे."

थोरली आत्याकडे बघत होती. किटलीवरचं जाकीट, माळ्यावरचा झगा, बाळंतविड्यातली कुंच्यांची चळत, दिवाणावरची पांघरुणं, पांघरुणांवरची पांघरुणं. या बाईने एवढं विणलं. ते जपलं सगळ्यांनी, दाखवलं सगळ्यांनी, झाकलं त्याच्याने बरंच काही. रोज घातलं कुणी? खुद्द थोरलीने उन्हाळ्याचा तो एक महिना.

"रोज?" आत्याने विचारलं.

"रोज."

"फाटेपर्यंत?"

"फाटलं तर तुमच्याकडेच आणणार ना."

आत्या उठली आणि काउंटरशी आली. बोलली मात्र गुंड्यांशी, माणसांशी नाही. "हे नको," बांबूचा गुंडा तिने ढकलला. "सुळसुळतं ते दुकानात. अंगावर लोंबतं. हे," अ‍ॅक्रिलिक, "हे तर केबिनमध्ये नकोच. यात माणूस शिजतं."

"ताई, किती साठा आहे माझ्याकडे..."

"त्याची पायपुसणी करू. सुतीच हवं." तिने जाड सुताचा गुंडा हातात तोलला. "हे भराभर होतं. मोठी सुई, मोठी जाळी, लग्नाच्या आत हातावेगळं."

"मोठी जाळी नको, आत्या," क्रेनवाली म्हणाली. "क्रेनच्या दांड्यात अडकते. माझी मैत्रीण एकदा शालीची झालर दांड्यात अडकून केबिनमध्ये अर्धा तास बांधलेली होती. वरून ओरडली तर खालच्यांना वाटलं गाणं म्हणतेय."

"हं." आत्याचं तोंड किंचित वाकडं झालं, हसण्याच्या बाजूला. "जाळी नको. मग घट्ट वीण. जाड सुताची घट्ट वीण म्हणजे चिलखत."

"आणि वाढतं ते," धाकटी म्हणाली.

"काय वाढतं?"

"जाड सूत. वजनाने. लोंबतं." धाकटीने श्वास घेतला. "वन्सं, माझा झगा."

"तो झगा नाही वाढला. तू खच..."

"ते बघता येईल की," क्रेनवाली सहज म्हणाली. तिला या प्रकरणाचा इतिहास ठाऊक नव्हता. "नवी दोरी आली की आम्ही आधी वजन टांगून बघतो. थोडासा तुकडा विणून टांगला तर?"

थोरलीने डोळे मिटले. आत्या नमुन्याचा तुकडा कधीच विणत नसे. तुकडा विणून बघणं म्हणजे आपल्याच हातावर अविश्वास, असं तिचं मत होतं, आणि झग्याची सगळी दुर्घटना त्या मतातून निघाली होती.

"मला तुकड्याची गरज नाही," आत्या म्हणाली.

"अर्थातच नाही," थोरली म्हणाली. मुका खांब बोलतोय म्हणून सगळे वळले. "वन्सं, तुम्हाला हाताला लावलं की कळतं. पण या धाकटीला कळत नाही ना. वीस वर्षं झग्याचं तुणतुणं वाजवतेय. एकदा तिच्या डोळ्यांसमोर टांगा आणि तोंड बंद करा तिचं."

धाकटी काही बोलणार होती. थोरलीने काउंटरखालून तिच्या पायावर पाय ठेवला.

आत्याने पिशवी मागवली. गाठ सोडायला वेळ लागला. रागात मारली होती. मग सुई बाहेर आली, जाड सुताची पहिली साखळी पडली, आणि मांडीवरचे ते दोन अवघडलेले पाहुणे पुन्हा घरचे झाले. दुकानात कुणी हलेना. वीतभर तुकडा जाड सुताचा झाला, मग तेवढाच बारीक सुताचा, बारीक सुईने, नुसत्या मुक्या खांबांचा. ओले करून, पिळून, दोन्ही तुकडे शटरच्या दांड्याला चिमट्यांनी लटकवले. धाकट्याने दोघांना कापड कापायची एकेक कात्री टांगली.

चहा झाला. कपाळावर हात आडवा धरून सगळे बघत राहिले.

जाड तुकडा खाली येत होता. सावकाश, लाजत, पण येत होता. बारीक तुकडा थोडासा ताणला गेला आणि तिथेच राहिला.

"हाच!" धाकटी किंचाळली. "अहो, हाच माझा झगा! बघा, बघा, पोटऱ्यांपर्यंत आला!"

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तुकडा आणखी जरा उतरला.

"वाढला असेल," आत्या म्हणाली.

"काय म्हणालात वन्सं?"

"ऐकू आलंय तुला." मग, जरा वेळाने, "थोडी खचलीही होतीस."

"होते हो, होते!" धाकटीचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "थोडी खचले होते!" तिने आत्याला मिठी मारली. आत्याने ती मिठी, अंगावर ओलं कापड पडावं तशी, सहन केली.

मग रंग. धाकट्याने पिवळा काढला, क्रेनवालीने डोळे झाकले: दिवसभर तोच बघते. आत्याला राणी रंग हवा होता. शेवटी शेवाळी ठरला, तोही आत्याने उजेडात नेऊन, गुंड्यांवरचे कागद चष्म्याला चिकटवून वाचून. सगळे गुंडे एकाच वेळी रंगवलेले हवेत. नाहीतर पुढचा भाग चैत्राचा आणि पाठ पावसाळ्याची. धाकट्याचे दोन गुंडे शोकेसमध्ये उन्हाने विटलेले निघाले. ते आत्याने त्याच्याच गळ्यात अडकवले.

"एक आहे," ती मग म्हणाली. हातातला बारीक धागा तिने बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "बारीक सूत, बारीक सुई, घट्ट वीण. लग्नापर्यंत होणार नाही हे. अर्धंही नाही."

थोरलीच्या डोळ्यांसमोर पुन्हा ती तिसरी रांग उभी राहिली. रिकाम्या हाताने लग्नाला जाणं आत्याला जमणार नव्हतं. ते तिला सुई खाली ठेवण्यापेक्षाही जड होतं.

क्रेनवाली नारिंगी जाकिटाची घडी घालत होती. तिने मान वर करून बघितलं, प्रश्नच न समजल्यासारखं.

"नाही झालं तर नाही झालं. लग्नानंतर मी कुठे जाणार आहे? इथेच तर येणार आहे."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. एवढा वेळ ती गुंड्यांशी बोलत होती, तुकड्यांशी, पाटीशी. आता पहिल्यांदा तिने त्या मुलीला नीट बघितलं, गळ्यापासून कमरेपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत, जसं ती कुणालाही बघते ज्याच्यासाठी ती विणणार असते.

"वहिनी," ती म्हणाली. थोरलीला ती जेव्हा खुशीत असे तेव्हाच वहिनी म्हणे, स्वतः वयाने मोठी असूनही. "लग्नाच्या हॉलमध्ये उजेड कुठे चांगला असतो गं?"

"पुढे असतो वन्सं. अगदी पहिल्या रांगेत. दिवे तिथेच असतात."

"मग मला पुढेच बसावं लागेल. बारीक सूत आहे. मागे टाके दिसायचे नाहीत." तिने गळ्यातली मोजपट्टी सरळ केली आणि काउंटरला वळसा घालून बाहेर आली. "आणि मंगलाष्टकं का काय असतात ती म्हणेपर्यंत माझ्या दोन ओळी होतील. कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे. गुंड्या, हसतोस काय? तुला खाज सुटेल असलं काहीतरी विणते थांब."

मग ती क्रेनवालीसमोर उभी राहिली. तिच्या खांद्याच्या जेमतेम वर पोचत होती.

"चल. हात वर कर."

क्रेनवालीने एक हात वर केला.

"अगं, दोन्ही!"

आणि दिवसभर लोकांच्या डोक्यांवरून लोखंडाच्या खोल्या उचलणाऱ्या त्या मुलीने मुकाट्याने दोन्ही हात वर केले. थोरली शटरकडे वळली आणि दांड्याला लटकलेली जड कात्री काढून घेतली, म्हणजे बिचाऱ्या तुकड्याला आणखी खाली यायला नको.